चार नंबरचा माणूस

माझ्या वडिलांच्या छातीवर सुजयने चार नंबरची टिकली चिकटवली होती आणि फोटोखालच्या कागदावर चारच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते बघून माझं डोकंच फिरलं. एरवीही ते फिरायला फार काही लागत नाही, असं माझ्या सुनेचं, राजश्रीचं मत आहे. पण नगरपालिकेच्या शाळेत जन्म काढलेल्या बाईला चुकीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं की हात शिवशिवणारच. मी सुजयच्या हातातलं पेन काढून घेतलं, प्रश्नचिन्हावर काट मारली आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'धोंडू विलणकर'.

फोटो १९४१ सालचा, मांडवीच्या फुटबॉल संघाचा. काही उभे, काही खुर्च्यांवर, तिघे खाली मांडी घालून आणि त्यांच्या मध्ये एकुलता एक चेंडू. सगळे अनवाणी. मूळ फोटो क्लबच्या खोलीत लटकायचा, तो कधीच्या काळी ओल येऊन गेला. आता चिपळूणला कुणाकडे तरी त्याची दुसरी प्रत सापडली होती. सुजयने ती मोठी छापून घेतली आणि शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर पसरून ठेवली. हा सुजय क्लबचा सेक्रेटरी. पन्नाशी उलटली तरी माझ्यासमोर आला की शर्टाचं वरचं बटण लावतो, कारण तिसरीत तो माझ्या वर्गात होता आणि त्याला अजून तिसरीतलं सगळं आठवतं.

त्याने व्हॉट्सॲपवर निरोप फिरवला होता. रविवारी सकाळी या, जुने खेळाडू ओळखा, नावं सांगा, आणि घरात लढाईच्या दिवसांच्या काही गोष्टी ऐकल्या असतील तर त्याही सांगा. फुटबॉलच्या फोटोत लढाई कुठून आली, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आम्हाला वाटत नाही. फोटो काढला त्याच्या पुढच्या वर्षभरात यातले निम्मे बोटीवर गेले होते. त्या वेळी कंपन्यांना माणसं हवी होती आणि मांडवीच्या घरांना पगार हवा होता.

हॉल चांगला भरला होता. हरिश्चंद्र भाटकर खुर्चीत मधोमध बसले होते. नव्वदी ओलांडलेला माणूस. हा संघ खेळताना बघितलेला आता तेवढाच एक माणूस शिल्लक. पण ते तेव्हा लहान, गोलच्या मागे उभे राहून चेंडू आणून द्यायचे, आणि आता नजर गेलेली. "मला माझो नातू ओळखू येत नाय, ह्यांका काय ओळखू," असं म्हणून त्यांनी फोटोचा विषय संपवला आणि लढाईचा काढला. कंदिलाच्या काचेला काळा कागद लावायचे ते सांगितलं. कुठलीतरी बोट बुडाली आणि रबराच्या गाठी वाहत किनाऱ्याला लागल्या, त्या लोकांनी पेंढ्याखाली कशा लपवल्या ते सांगितलं. चेंडूची आतली पिशवी बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हा सायकलवाल्याकडून ठिगळं लावून लावून शेवटी चेंडूत हवा कमी आणि ठिगळं जास्त झाली. सगळे हसले. मग माझी पाळी आली.

माझ्याकडे लढाईची आठवण म्हणजे एक फोटो. माझे वडील सुकाणी होते, म्हणजे जहाजाचं चाक धरणारे. त्रेचाळीस साली त्यांची बोट बुडाली आणि मी त्यानंतर जन्मले. आम्ही एकमेकांना बघितलेलंच नाही. मला ते माहीत आहेत ते भिंतीवरचे, कोटातले, काळी टोपी घातलेले, डाव्या भुवईत खाच असलेले. ती खाच इथे या चार नंबरच्याही भुवईत आहे, तीच हनुवटी, तेच कान. मी हे सगळं जरा वरच्या पट्टीत सांगितलं. वडिलांना पहिल्यांदाच कोट-टोपीशिवाय, उघड्या पायांनी बघत होते. माझा आनंद मावत नव्हता.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. चाळिशीच्या आतली, खांद्याला पिशवी, चेहरा प्रवासाने दमलेला. हिनेच चिपळूणहून फोटोची प्रत आणली होती. तिने हळूच विचारलं, "आजी, तुम्हाला खात्री आहे? चार नंबर माझे आजोबा आहेत. बाबू शिवलकर."

मी तिला सांगितलं की बाळ, माणसाला आजोबांच्या बाबतीत चूक होऊ शकते, बापाच्या बाबतीत होत नाही. तिने वाद घातला नाही. मोबाईल उघडला आणि माझ्यासमोर धरला. खुर्चीत बसलेला एक म्हातारा, डोक्यावर एक केस नाही, तोंडात दात नाही, आणि डाव्या भुवईत खाच.

मी लगेच संदेशला, माझ्या मुलाला, स्कूटरवर घरी पिटाळलं. येताना त्याने भिंतीवरचा फोटो टॉवेलात गुंडाळून आणला. आम्ही तो टेबलावर त्या मोठ्या फोटोशेजारी ठेवला. हॉलमधले सगळे वाकून बघायला लागले आणि मग एकेक जण सरळ होऊन दुसरीकडे बघायला लागला. कोट रंगवलेला होता. आयुष्यभर मी तो कोट बघत आले आणि त्यावरचे ब्रशचे फटकारे मला त्या दिवशी दिसले. टोपी रंगवलेली, कॉलर रंगवलेली. चेहरा तेवढा खरा, आणि तो चार नंबरचा. म्हणजे मोबाईलमधल्या म्हाताऱ्याचा.

आता हे आजच्या पोरांना सांगायला हवं. तेव्हा माणसाचा एकट्याचा फोटो क्वचितच असायचा. माणूस गेला की घरचे लोक लग्नातला नाहीतर कसला तरी घोळक्यातला फोटो शोधून काढायचे, त्यातलं एक तोंड बोटाने दाखवायचे, आणि स्टुडिओवाला तेवढंच मोठं करून खाली कोट रंगवून द्यायचा. आमच्या आळीत भिंतींवर हार घातलेले जेवढे कोटवाले आहेत, त्यातल्या निम्म्यांनी जन्मात कोट घातला नव्हता.

मी त्या बाईला विचारलं की तुझे आजोबा आमच्या भिंतीवर काय करतायत. तिने माझ्याकडे बघितलं, जमलेल्या लोकांकडे बघितलं. म्हणाली, मी तुमच्या घरी येऊन सांगू का. मी म्हटलं, काय असेल ते इथेच सांग, मी काही लपवून ठेवणारी बाई नाही. पण ती बधली नाही. आजोबांनी बजावून ठेवलंय की विलणकरांच्या मुलीलाच सांगायचं, चारचौघांत नाही, असं तिचं म्हणणं. राग आला होता तरी मनात म्हटलं, पोरगी कुणाच्या तरी शब्दाला जागणारी आहे.

मी तडक घरी आले. भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन आणि खिळा. त्या चौकोनाकडे बघितलं आणि मला रडू आलं. काय काय केलं नव्हतं मी त्या फोटोसमोर. मॅट्रिकचा निकाल सांगितला, नोकरीचा पहिला पगार ठेवला, लग्नाला निघताना नमस्कार केला, नवऱ्याशी भांडून माहेरी आले तेव्हा त्याच्यासमोर बसून तासभर तक्रार केली. आई गेल्यावर मी एकुलती एक म्हणून फोटो माझ्याकडे आला, तेव्हापासून रोज सकाळी उदबत्ती. आणि तो कोण तर चिपळूणचा एक परका माणूस. मला वाटलं, कुणीतरी माझा बाप दुसऱ्यांदा बुडवला. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला आता काय हवं असतं? डोळे मिटायच्या आधी एकदा वडिलांचा चेहरा बघावा, एवढंच मला हवं होतं. आणि मी तर तो रोज बघते अशा भ्रमात होते.

दुपारी ती आली. तिचं नाव योगिनी. राजश्रीने चहा ठेवला. फोटो दिवाणावर टेकवून ठेवला होता. योगिनीने त्याला हात जोडले, मग एकदम हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. "आमच्याकडे तरुणपणीचा त्यांचा एवढा मोठा फोटो नाहीच," ती म्हणाली. "आजी सांगायची, तो विलणकरांकडे आहे, पण मागायचा नाही."

मग तिने जे सांगितलं ते असं.

बोट बुडाल्याची बातमी आली तेव्हा बाबू शिवलकर घरी होते. ते बोटीवर भट्टीत कोळसा घालणारे, आगवाले. मलेरियाने आजारी पडून उतरले होते. ते आणि माझे वडील एकाच आळीतले, एकाच वर्गातले, संघातही शेजारी शेजारी खेळणारे. माझी आजी यमुनाबाई, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. मुलाचं प्रेत नाही, अस्थी नाहीत, काही नाही. ती एकच धोशा लावून बसली होती की माझा पोर मला भिंतीवर तरी आणून द्या. बाबूकाकांनी क्लबमधला फोटो उतरवला, तो गावातल्या स्टुडिओत नेला आणि माझ्या वडिलांच्या तोंडावर बोट ठेवलं. स्टुडिओवाल्याने भिंग लावून बघितलं आणि सांगितलं, ह्याचं काही होणार नाही. फोटो काढताना हा माणूस हललाय. हे मोठं केलं तर नुसतं धुकं मोठं होईल.

बाबूकाकांनी त्याच्या हातातलं भिंग घेऊन स्वतः बघितलं. मग म्हणाले, "तर माझा करा."

स्टुडिओवाला घाबरला. जिवंत माणसाचा फोटो हार घालायला द्यायचा म्हणजे अभद्र. बाबूकाकांनी त्याला सांगितलं, मी येत्या आठवड्यात परत बोटीवर जातोय, लढाई चालू आहे, तसाही मी अर्धा मेलेलाच आहे, तू कोट रंगव. वडिलांना मिशी होती म्हणून त्याने मिशीसुद्धा जरा जाड करून दिली.

फोटो घरी आला. आजीने तो मांडीवर घेतला, काचेवरून हात फिरवला, अगदी जवळ नेऊन बघितला. म्हणाली, धोंडूच हो, हनुवटी बघा. आणि माझी आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. काशी तिचं नाव. वय जेमतेम अठरा, पोटात मी. तिने फोटोकडे बघितलं, मग बाबूकाकांकडे बघितलं. बाबूकाका मान खाली घालून उभे. त्यांना वाटलं आता ही ओरडणार, आणि तिने ओरडायलाच हवं होतं. सासूने विचारलं, "काशे, तू बोलत कशी नायस? तोच ना गो?"

"तेच आहेत," आई म्हणाली.

योगिनी इथे थांबली. माझी आई मला आयुष्यभर फार कमी बोलणारी बाई म्हणून माहीत. लोक म्हणायचे, काशी मुखदुर्बळ आहे. मुखदुर्बळ माणसाला ते दोन शब्द बोलता आले असते का, मला सांगा. स्वतःच्या नवऱ्याच्या चेहऱ्यासाठी असलेली भिंतीवरची एकमेव जागा तिने दुसऱ्याला देऊन टाकली, का, तर आंधळ्या होत चाललेल्या सासूला पोर परत मिळावा म्हणून.

आणि मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. आईने त्या फोटोला स्वतःच्या हाताने कधीच हार घातला नाही. फुलं ती आणायची, ओवायची ती, पण घालायची वेळ आली की म्हणायची, तू घाल, मुलीने घालावा. मला वाटायचं तिला दुःख अनावर होत असेल. अहो, जिवंत माणसाला, दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला ती कशी हार घालणार?

आणि बाबूकाका. नावाने नाही, पण तेही मला आठवले. लढाईनंतर ते चिपळूणला जाऊन राहिले, पण पावसाळा संपला की एक काळा, उंच माणूस आमच्या खळ्यात, पुढच्या अंगणात, येऊन उभा राहायचा. नारळ नाहीतर चिपळूणच्या बाजारातलं काहीतरी ओट्यावर ठेवायचा, आईला विचारायचा पोर काय करते, तांब्याभर पाणी प्यायचा आणि तिथूनच परत जायचा. घरात या म्हटलं तरी यायचा नाही. मला तो आगाऊ वाटायचा. आमच्या घराची पायरी चढायला ह्याला कमीपणा वाटतो, असं मी एकदा त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं. तो हसला होता.

योगिनी म्हणाली, ते नेहमी सांगायचे, आत गेलो असतो तर फोटोखाली उभा राहिलो असतो, आणि पोरगी हुशार, लगेच ओळखलं असतं.

मी विचारलं, माझी आजी गेल्यावर तरी खरं का नाही सांगितलं. तोपर्यंत मी आठ वर्षांची होते. योगिनी म्हणाली, तेव्हा ते तुमच्या आईला विचारायला आले होते, फोटो उतरवायचा का म्हणून. तुमची आई म्हणाली, पोर शाळेत जाताना त्याला सांगून जाते, आता नको. बाबूकाकांच्या घरी मात्र ते बायकोला कळलं तेव्हा मोठा तमाशा झाला होता. जिवंत नवऱ्याला कुणीतरी रोज हार घालतंय, कुठल्या बाईला चालेल? तिने देवाला कौल लावला, नवस बोलली, काय काय केलं. पण लढाईत बाबूकाकांच्या शेजारून जाणाऱ्या बोटी बुडाल्या, ते मात्र धडधाकट घरी आले. पुढे नव्वदीपर्यंत जगले. ते म्हणायचे, यमाला वाटतं मला आधीच नेलाय, म्हणून तो येत नाही. आणि बायको शेवटी शेवटी म्हणायला लागली होती की विलणकरांकडे रोज दिवा लागतो, तो ह्यांना पुरतो.

"म्हणून मी आले," योगिनी म्हणाली. "तुमच्या घराचे आभार मानायचे राहिले होते."

आता ह्याला काय म्हणावं? आभार तिने मानायचे की मी? मी उठून तिला जवळ घेतलं. मला तसं कुणाला जवळ घ्यायची सवय नाही. राजश्री चहाचे कप तसेच हातात धरून बघत उभी राहिली. मी दिवाणावरच्या फोटोला म्हटलं, बाबूकाका, तुम्ही माझं काय काय ऐकून घेतलंत हो. नवऱ्याच्या तक्रारीसुद्धा ऐकल्यात. जन्मभर मी तुम्हाला बाप समजले, त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पण तरीही ते मूळचं राहिलंच. माझा बाप कोणता? योगिनीने सांगितलं, पाच नंबर. चारच्या शेजारचा, उभ्यांच्या रांगेतला शेवटचा. सकाळी मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेले होते, कारण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी आम्ही तिघी परत हॉलवर गेलो. गर्दी पांगली होती, सुजय खुर्च्या उचलत होता.

मी चष्मा पुसून टेबलावर वाकले. पाच नंबरचे पाय स्पष्ट होते. उजव्या घोट्याला फडकं बांधलेलं. पोटऱ्या स्पष्ट, चड्डीची घडी स्पष्ट, छातीवर बांधलेले हात, बोटं मोजता येतील एवढे स्पष्ट. आणि गळ्याच्या वर नुसता पांढुरका फराटा. ओल्या पाटीवर कुणी बोट फिरवावं तसा. नाक नाही, डोळे नाहीत. त्याच्या खालच्या कागदावर सुजयने लिहून ठेवलं होतं, 'ओळख पटण्यासारखा नाही.'

मला त्या माणसाचा राग आला. खरंच आला. अकरा जण उभे राहिले, दहा जणांना जमलं, ह्यालाच एवढं क्षणभर गप्प उभं राहता आलं नाही? पुढे मुलगी होणार आहे, ती चेहरा शोधत बसणार आहे, एवढी काही कल्पना नको का माणसाला? नसणार. मला कळतं. पण राग काही कळण्यावर थांबत नाही.

सुजयला माझी अवस्था दिसली. तो जवळ आला आणि म्हणाला, "बाई, हे आता करता येतं. मोबाईलवर असतं. तुमचा, संदेशचा फोटो घालायचा, बांधा ह्याचा, आणि तो चेहरा तयार करून देतो. अगदी खऱ्यासारखा. उद्या फ्रेम करून देतो तुम्हाला."

मी खोटं सांगत नाही, माझं मन झालं. मी खुर्चीत बसले, केस नीट केले आणि त्याला म्हटलं, काढ माझा फोटो. त्याने मोबाईल समोर धरला. तेव्हा योगिनी म्हणाली, "आजी, ते का हलले हे तुम्ही विचारलंच नाहीत."

मी सुजयला हाताने थांब म्हटलं.

योगिनी सांगायला लागली. फोटो बंदरावर काढला होता, जेट्टी एका बाजूला राहील असं उभं करून. मॅच जिंकल्यानंतरची दुपार. फोटोवाल्याने सगळ्यांना दम दिला होता की मी हात वर केला की श्वाससुद्धा घ्यायचा नाही, फोटोची काचेची प्लेट एकच आहे. लग्न होऊन थोडेच महिने झालेले, आणि माझी आई माहेरी गेली होती. पहिलीच वेळ, म्हणून तिच्या वडिलांनी तिला महिनाभर ठेवून घेतलेलं. ती कधी परत येणार हे माझ्या वडिलांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या काळी नवऱ्याने विचारायची पद्धतही नव्हती. फोटोवाल्याने हात वर केला, आणि नेमका तेव्हा पडाव, उतारूंची होडी, धक्क्याला लागला. भावाच्या मागून, डोक्यावर पदर, हातात पिशवी, आई उतरली.

बाबूकाका शेजारीच होते. त्यांनी ओठ न हलवता सांगितलं, समोर बघ मेल्या, प्लेट फुकट जाईल.

"ती आली रे," माझे वडील म्हणाले, आणि त्यांनी मान वळवली.

मी परत टेबलावर वाकले. आता मला दिसलं की तो फराटा सरळ नाही. तो एका बाजूला ओढला गेलाय, फोटोच्या उजव्या कडेकडे, जिथे कागद संपतो तिकडे. आणि कागद संपतो त्याच्या पलीकडे माझी आई उभी आहे. सगळ्यांनी बघितलं असेल ते. तिनेही बघितलं असणार. दहा माणसं फोटोवाल्याकडे बघतायत आणि एक आपल्याकडे बघतोय, हे नव्या नवरीला कळल्याशिवाय राहतं का?

मी आयुष्यभर आईची कीव करत आले. दोन वर्षांचा संसार, त्यातही नवरा बोटीवर, मग पांढरं कपाळ आणि सासूची सेवा. मला वाटायचं बिचारीच्या वाट्याला काहीच आलं नाही. आता मला कळलं की ती स्वयंपाकघराच्या दारातून 'तेच आहेत' म्हणू शकली ती कशाच्या जोरावर. तिला भिंतीवरच्या चेहऱ्याची गरज नव्हती. तिने तो समोरून बघितलेला होता, आणि तो तिच्याकडे वळलेला होता.

सुजयने विचारलं, बाई, काढू ना फोटो. मी त्याला सांगितलं, ठेवून दे तो मोबाईल. एक चेहरा मला माणसाने दिला, जीव लावून दिला, तो पुरे आहे. तो आजच परत भिंतीवर जाणार, आणि आता बाबूकाकाही गेलेत, तेव्हा मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने हार घालीन. राहिला पाच नंबर. त्याचं मात्र काही बदलायचं नाही.

मी पेन घेतलं. सकाळी मीच चारच्या पुढे लिहिलेलं नाव खोडलं आणि तिथे योगिनीला तिच्या आजोबांचं नाव लिहायला दिलं. तिचं अक्षर काही धड आलं नाही, पण मी एका शब्दानेही तिला बोलले नाही. मग पाचच्या पुढचं 'ओळख पटण्यासारखा नाही' हे मी नीट, एका रेघेत खोडलं आणि लिहिलं, 'धोंडू विलणकर, बायकोकडे बघताना.'

सुजय वाचून डोकं खाजवायला लागला. म्हणाला, बाई, क्लबच्या फोटोखाली असं लिहीत नाहीत, नुसतं नाव पुरे. मी त्याला विचारलं की बाकीच्या दहा जणांबद्दल तुला नावापलीकडे काय माहीत आहे. त्याने कागदावरच्या बाकीच्या नावांवरून बोट फिरवलं.

"मग राहू दे," मी म्हटलं. "ह्याचं तेवढं माहीत आहे."